एक सुई कमी

आमच्या मालकांचं नाव मी घेत न्हाई. उखाण्यात घेतलं असंल तेवढंच. गाव त्यास्नी नाईक म्हणतं, कारण पहिल्या जर्मनच्या लढाईत त्यास्नी नाईकाची फीत मिळाली व्हती. तवा तुमीबी नाईकच म्हणा. मी मनुबाई. गाव आमचं रहिमतपूर ठेसनापासनं चालत जाण्यासारखं, आन् दर घराआड एक फौजी. कुणी बसऱ्याला जाऊन आलंय, कुणी बर्माला, कुणी काश्मीरला. गेल्या साली पाकिस्तानसंगं लढाई झाली तवा तर गावात मयताला खांदा द्यायला तरणा गडी मिळंना, असं आमचं गाव.

तर हे नाईक रोज दुपारी जहाजावर जायला निघत्यात.

हसू नका. मीबी पहिल्यांदा हसले, मग रडले, मग दोन्ही सोडून कामाला लागले. दुपारची भाकरी झाली, हात धुतलं, की मालक सोप्यात घोंगडी आंथरणार. चारी कोपरं ताणून, एक सुरकुती दिसता कामा न्हाई. मग ट्रंकेतनं एकेक वस्तू काढून तिच्यावर मांडणार. वस्तरा, त्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा, कातर, नखं काढायची नराणी, दोरी बांधलेला चाकू, सुईदोरा, आरसा, कंगवा, दाढीचा बुरूश. साऱ्या वस्तू एका रांगंत, धारंची बाजू आत. फौजेत ह्याला किट लावणं म्हणत्यात. सायब येतो, बघतो, आन् सारं जाग्यावर असलं तरच जवानाला जहाजावर चढू देतो.

मालकांच्या डोक्यात ते साल अजून चालूच हाय, ज्या साली त्यांची पलटण मुंबईहून बसऱ्याला निघाली. मधली पन्नास वर्सं कुणी पोतेरं फिरवून पुसून टाकली. लेक गेला, नातवंडं गेली, नवी इहीर काढली ती गेली, आन् मीबी गेले. मला म्हणत्यात, "आवं बाई, जरा पाणी देता का?" माझ्याच घरात मला आवं बाई! पहिल्यांदा असं म्हणालं तवा मी चुलीपुढं बसून इतकी रडले की त्या दिवशी कालवणात मीठ घालायची गरज पडली न्हाई. आता म्हणलं, म्हणू दे. निदान आवंजावं तरी करत्यात. तरणेपणी 'अगं ए'च्या पुढं गाडी कधी गेली न्हाई.

किट नुसतं मांडून भागायचं न्हाई, बांधायचंबी. "जहाज हलतं, बाई," मालक सांगायचं. "समुद्र झोपत न्हाई. ट्रंकंत उघडी धार ऱ्हायली की रातभर ती आपली कापडं कापत बसती." म्हणून वस्तऱ्याला गोडंतेल लावून फडक्यात गुंडाळायचं. कातरीची टोकं दाणं काढलेल्या मक्याच्या कणसात खुपसायची. चाकूची दोरी कमरंला. सुई फलाणीच्या कापडाच्या तुकड्यात आडवी घालायची, उभी न्हाई, उभी घातली की ती चालायला लागती म्हणं. एरवी च्याची बशी धरली तरी ह्या माणसाचा हात लटलट कापतो. पण धारंच्या वस्तूवर बोट ठेवलं की हात कसा गप.

कातर बांधायला मला बोलवायचं. ती हातात द्यायची न्हाई, हातात दिली की भांडण लागतं. मालक कातर भुईवर ठेवणार, मी उचलणार. बघा आता! बायको कोण ते इसरलं, पण बायकोसंगं भांडण नको हे काय इसरलं न्हाईत.

आन् बांधता बांधता बोलायला लागायचं. तोंडानं गोष्ट, हातानं फडकं. पाण्यातनं मासं उडायचं, पाखरावाणी उडायचं आन् थेट जवानाच्या पुढ्यात येऊन पडायचं. रातच्याला जहाजाच्या मागं पाणी पेटायचं, हिरवंगार, पण हात घातला तर गार. एकदा एका जवानाचा वस्तरा दाढी करताना हातनं सुटला आन् पाण्यात पडला. ऊन कडक व्हतं. वस्तरा खाली जातोय, जातोय, चमकतोय, सारी पलटण कठड्यावर वाकून बघतीय.  "अजून जात असंल बघा तो," मालक म्हणायचं. "तळ न्हाई तिथं."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी उभ्या जल्मात समुद्र बघितला न्हाई. माहुलीचा संगम बघितलाय, तेवढंच पाणी. पण दुपारी ते ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा आन् सोप्यात पाणी यायचं. खरंच सांगते. उंबऱ्यावरनं हिरवं पाणी आत यायचं, बिनआवाजाचं. जातं तरंगायला लागायचं. गोठ्यातली म्हस कानापतूर बुडालेली आन् निवांत रवंथ करतीय. चुलीतला जाळ पाण्याखाली तसाच. आन् मालक घोंगडीवर मांडी घालून बसलेलं, घोंगडी तरंगतीय, दारातनं भायेर, अंगणातनं भायेर, चिंचंच्या शेंड्यावरनं चाललेत. मला भ्या वाटायचं न्हाई. नुसतं वाटायचं, हाक मारावी. तोंड उघडायची आन् जाग यायची. मालक म्होरंच असायचं, वस्तरा पुसत.

लढाईचं मात्र एक अक्षर न्हाई. बसऱ्याला काय झालं, कोण कोण मेलं, काय खाल्लं, काय न्हाई, कवा म्हणून कवा सांगितलं न्हाई. त्यांची गोष्ट जहाजापतूरच. जहाज बंदराला लागलं की गोष्ट गप. मीबी कधी इचारलं न्हाई. खपलीखाली ओलं हाय हे दिसतंय, तर नख कशाला लावा?

आता तुमी म्हणाल, म्हाताऱ्याचा खेळ हाय, खेळू द्या. खेळ न्हवता तो. गेल्या साली दिवाळीत किट बांधून झालं आन् मालक खरंच चालायला लागलं. मी म्हस घेऊन ओढ्यावर गेले व्हते. येऊन बघते तर घर उघडं. सारं गाव हिंडलं, इहिरी बघितल्या, मी तर देव पाण्यात घातलं. दुसऱ्या दिवशी सापडलं ते पार कोरेगावच्याबी पुढं, रुळाच्या कडंकडंनं चाललेलं, मुंबईच्या दिशेनं. पायाची सालटी निघालेली, अंगात ताप, आन् शेजारनं गाडी गेली तरी बाजूला व्हायचं भान न्हाई. रुळावरच्या कामकऱ्यानं हाताला धरून वढलं म्हणून वाचलं.

लेक धोंडिराम सांगलीला यष्टीवर डायवर हाय. तो आला. बापाचं पाय धुतलं, मलम लावलं, आन् परसात येऊन मला म्हणाला, "आये, परत एकदा आबा घराभायेर पडलं तर मी त्यास्नी वेड्याच्या दवाखान्यात ठेवणार. बोलून आलोय. तू रडलीस तरी ठेवणार."

"माझ्या जित्तेपणी न्हाई," मी म्हणलं.

"रुळावर तुकडं गोळा करण्यापरीस बरं," तो म्हणाला आन् तोंड फिरवून हमसून रडला.

लेक वाईट न्हाई. त्याचंबी खरंच व्हतं. पण तिथं काय व्हईल ते मला दिसत व्हतं. धारंच्या साऱ्या वस्तू पहिल्यांदा काढून घेतील. घोंगडी काढून घेतील. उडणारं मासं ऐकायला कुणी बसणार न्हाई. आन् ज्या माणसाला आपली बायको वळखू येत न्हाई, तो दाराला कडी बघून काय समजंल? कैद झाली म्हणंल. चार दिवसांत मरंल. मला दुसरं काय नको व्हतं. त्यांनी माझ्या घरात, माझ्या डोळ्यापुढं ऱ्हावं, वळखू नको तर नको, येवढंच.

इलाज गुंडा सुभेदारांनी काढला. सुभेदार म्हणजी आमच्या आळीचं मोठं माणूस, बर्माला जाऊन आलेलं, मिशा अशा की शेळ्या बुजाव्यात. म्हणालं, "वैनी, कुलूप लावू नका. फौजेच्या माणसाला फौजेचाच कायदा लावायचा. किट अपुरं असलं की जवान जहाजावर चढत न्हाई. साक्षात बिरम्हदेव आला तरी न्हाई."

मग काय, लागलो कामाला. सकाळी मालक अंघोळीला गेलं की मी ट्रंकेतली एखादी वस्तू काढायची. आज नराणी पिठाच्या डब्यात, उद्या कंगवा माझ्या कमरंला. संध्याकाळी सुभेदार कोट घालून, काठी घेऊन यायचं. मालक ताठ उभं. सुभेदार काठीच्या टोकानं एकेक वस्तू दावत जायचं आन् मोकळ्या जाग्यावर येऊन थांबायचं.

"नाईक! सुई किधर है?"

"गुम हो गयी, साब."

"गुम हो गयी? आन् दर्यात बटण तुटलं तर काय तुझी सासू येणार हाय लावायला? चल, पुढल्या जहाजाला."

"जी साब!" सलाम ठोकायचं. मग मुकाट्यानं एकेक फडकं सोडायचं. रातीला दूधभाकरी खाऊन लेकरागत झोपायचं, आन् सकाळी पाटी कोरी. सुभेदारांस्नी जमलं न्हाई तर शेजारचं कुणीतरी यायचं. वाण्याच्या दुकानात पोरंसोरंबी इचारायची, "मनुआजी, आज काय हारवलं?" सारं गाव मिळून ते जहाज आडवून बसलेलं. सुगीत लोकांनी वैरण शेतात टाकली, पण किट बघायला माणूस चुकला न्हाई. लोक वंगाळ असत्यात असं कुणी म्हणलं की मला ह्याचा राग येतो.

असं वरीसभर चाललं. आन् मग आला तो धनाजी.

धनाजी म्हणजी शेजारच्या भामाबाईचा जावई, तासगावकडचा. मराठा पलटणीत हवालदार, रजेवर आलेला. सासुरवाडीला येऊन दोन दिवस झालं व्हतं, खाऊन खाऊन पोट सुटलेलं, आन् पाय मोकळं करायला म्हणून आळीत हिंडत व्हता. सुभेदार त्या दिवशी पेन्शनीसाठी साताऱ्याला गेलेलं. मला म्हणालेलं, "वैनी, आज उशीर व्हईल, थांबवून ठेवा." मी गवताचा भारा घेऊन मळ्यातनं येत व्हते. तर दारात काय बघते? धनाजी आमच्या सोप्यात उभा, टोपी काढलेली. मालक घोंगडीच्या पलीकडं ताठ.

"बाबा, काय कमी हाय किटात?" धनाजी इचारत व्हता.

"सुई, साब. गुम हो गयी."

तर त्या शहाण्यानं काय करावं? त्यानं टोपी उलटी केली. टोपीच्या अस्तरात सुई व्हती, खाकी दोरा गुंडाळलेली. फौजेत प्रत्येकाच्या टोपीत असती म्हणं. ती काढली, घोंगडीवर रिकाम्या जाग्यावर आडवी ठेवली, बराबर आडवी, आन् डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "माझी घ्या, बाबा. आता सारं दुरुस्त हाय. पास!" आन् खाडकन सलाम ठोकला.

माझ्या डोस्क्यावरनं भारा खाली पडला.

मालक घोंगडीकडं बघत ऱ्हायलं. वरीसभरात पहिल्यांदा सारी रांग भरलेली बघून त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला नीट सांगता येत न्हाई. आनंद न्हवता तो. शाळंत नाव पुकारल्यावर पोरगं उठतं तसं झालं. मग खाली बसलं आन् बांधायला लागलं, भराभरा, एक चूक न्हाई.

मी धनाजीला बकोटीला धरून भायेर वढला.

"मुडद्या! कुणी सांगितलं व्हतं तुला शाणपण?"

"आवं मावशी, म्हातारं माणूस, एका सुईसाठी..."

"एका सुईवर माझा संसार टांगलेला व्हता, रं! त्या सुईवर!" मग सांगितलं सारं. ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरलं. हवालदार म्हणजी केवढा गडी, पण भिंतीला टेकून खाली बसला. "मला काय ठावं, मावशी," म्हणाला. "फौजेत कुणाचं किट अपुरं दिसलं तर आपलं द्यायचं. हात आपसूक जातो."

त्याला तरी काय बोलू? चांगुलपणानं केलेली चूक, तिला शिवीबी नीट लागत न्हाई. तरी दोन हाणल्याच.

तो परत आत गेला. "बाबा, जहाज लेट हाय. आज न्हाई जायचं." मालकांनी मानबी वर केली न्हाई. "किट पास झालंय, साब. पास झालेलं किट मागं घेता येत न्हाई." खरंच व्हतं. त्यांच्याच कायद्यात त्यांनी आमास्नी धरलं. भामाबाई धावत आली आन् माझ्या कानात म्हणाली, "कडी लाव, मनुबाई. धोंडीला तार कर." मी कडीला हात घातला. घातला आन् काढला. कडीच लावायची व्हती तर दवाखाना काय वाईट व्हता?

मालकांनी जुना कोट घातला, बटणं लावली, ट्रंक न घेता सारं गाठोड्यात बांधलं आन् खांद्याला लावलं. उंबऱ्याभायेर पाय टाकला. मी चप्पल घातली आन् मागनं निघाले. भामाबाई म्हणाली, "आगं तू कुठं?" म्हणलं, "जहाजावर. म्हशीचं दूध तेवढं काढ." धनाजी मागनं यायला लागला तर त्याला म्हणलं, "तू घरी जा आन् सासूच्या हातचं गीळ." तरी लांबनं येतच व्हता, मान खाली घालून.

ऊन कलतीला लागलेलं. मार्गशीर्षातलं ऊन, पिवळं, मवाळ. ओढा ओलांडला की दोन्ही अंगाला ऊस, आन् उसाला तुरा आलेला. वाट मधनं जाती. मालक पुढं, मी मागं. त्यांचं पाऊल तरण्या माणसाचं पडत व्हतं. माझं गुडघं बोंबलत व्हतं. मनात एकच, ठेसन यायच्या आत काय करू? पाया पडू? पाय मोडला म्हणून बसू? धोंडिरामाला कळणार, उद्या न्हाई तर परवा कळणारच, गावात यष्टी येती तिथं बातमी लपून ऱ्हाती व्हय? आन् मग मी ह्या माणसाला कुठं शोधायला जाऊ?

वारं सुटलं. साऱ्या मळ्यातलं तुरं एका अंगाला वाकलं, मग दुसऱ्या अंगाला. त्याच्यावर मावळतीचा उजेड. जिथपतूर नजर जाईल तिथपतूर ते हालत व्हतं, उठत व्हतं, बसत व्हतं, आन् पार लांब, जरंडेश्वराचा डोंगर कुठल्या कुठं निळा.

मालक थांबलं. "आलं बंदर," म्हणालं.

आन् मी सांगते, मलाबी दिसलं. वाट दिसंना, बांध दिसंना, नुसतं उजेडाचं पाणी. कोण म्हणंल म्हातारीबी बिघडली. बिघडले तर बिघडले. त्या घडीला मला ठेसनाचं भ्याव उरलं न्हाई. आमी दोघं पाटाच्या कडंला बसलो. मालकांनी गाठोडं मांडीवर घेतलं, जपून, धारंची बाजू आत.

मग म्हणालं, "बाई, तुमचं कोण चाललंय?"

"माझा माणूस," मी म्हणलं.

"कंच्या पलटणीत?"

"तुमच्याच."

"मग भ्यायचं न्हाई. मी ध्यान ठेवीन त्याच्यावर."

मी तोंडात पदर घातला. पाटाचं पाणी चाललेलं. एक बगळा आला, आमाला बघून गेला.

"माझीबी बायको हाय घरी," मालक म्हणालं. "ल्हान हाय. आत्ताच पाडव्याच्या पुढं लगीन झालं."

मी तोंडातनं पदर काढला.

"सकाळी आईनं हातावर दही घातलं. थोरली माणसं सारी दारात. ती आत व्हती, दाराआड. मला दिसली न्हाई. नुसती बांगडी वाजली, एकदाच. म्हणलं, काय तरी सांगायचं असंल. पण थोरामोठ्यांच्या म्होरं मी कसं इचारू, आन् ती कशी बोलंल? निघालो तसाच." गाठोड्याच्या गाठीशी बोटं चाळवत म्हणालं, "बांगडी वाजली व्हती पण. मी ऐकली."

आवं, ह्या माणसासंगं मी पन्नास वर्सं काढली. लेकरं काढली, दोन गेली ती पुरली, दुष्काळ काढलं, इहीर काढली. आन् पन्नास वर्सं मला वाटत व्हतं की हा गडी त्या दिवशी मागं न बघता गेला, कारण मागं बघण्यासारखं त्याचं काय ऱ्हायलंच न्हवतं. घरात नुसती सून आणून ठेवली व्हती, भाकरी थापायला. आन् ह्यांनी बांगडी ऐकली व्हती. ह्याला सुख म्हणू का दुःख म्हणू, मला अजून कळत न्हाई.

"तिला काय सांगायचं व्हतं ते मला ठावं हाय," मी म्हणलं.

मालक वळलं. "तुमी वळखता तिला?"

"वळखते की. लय तोंडाळ हाय. पण त्या दिवशी तिची वाचा बसली व्हती."

"काय सांगायचं व्हतं?"

आन् बघा, शब्द येईना. आमच्यात निघालेल्या माणसाला टोकायचं नसतं. कुठं चाललात इचारायचं न्हाई, थांबा म्हणायचं न्हाई, आन् पलटणीला निघालेल्या दादल्याला तर बायकोनं न्हाईच न्हाई, त्याचं बरंवाईट झालं तर तिच्या जिभंचं झालं म्हणत्यात. त्या दिवशी मी जीभ चावून रगत काढलं व्हतं. आन् आता ह्या वरीसभरात मी सुया लपवल्या, कंगवं लपवलं, साऱ्या गावाला खोटं बोलायला लावलं, पण त्यांच्या म्होरं उभी राहून तो एक शब्द काय बोलले न्हाई. म्हाताऱ्या हाडातबी ते भ्याव तसंच.

"जाऊ नका," मी म्हणलं. आवाज माझा मलाच वळखू आला न्हाई. "तिला म्हणायचं व्हतं, जाऊ नका."

मालक माझ्या तोंडाकडं बघत बसलं. वारं पडलं, तुरं उभं राहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, बाई, किट पास झालंय. लांब धनाजी बांधावर उभा ऱ्हायलेला दिसत व्हता.

एकदम मांडीवर हात आपटला त्यांनी. "मग बोलायचं न्हाई व्हय तिनं!" रागानं म्हणालं, खऱ्या रागानं, मानंच्या शिरा फुगवून. "मला तरी कुठं जायाचं व्हतं?"

मी पदरानं तोंड पुसत ऱ्हायले.

मालक गाठोडं घेऊन उठलं, चार पावलं मुंबईच्या दिशेनं गेलं, थांबलं, मग गावाच्या दिशेनं वळलं आन् तिथंच घोटाळलं. कुठली वाट ते कळंना. "आवं बाई," म्हणालं, "मला घर दावा. दिवस हाय तवर तिला सांगायला पायजे."

मी उठले. गाठोडं त्यांच्या खांद्यावरनं काढून माझ्या खांद्याला लावलं आन् त्यांचा हात धरला. भर रस्त्यात. धनाजी बघत व्हता, तर बघू दे. उसातनं आमी चालायला लागलो. थोडं पुढं गेल्यावर मालक माझ्याकडं वाकून हळूच म्हणालं, "ती रागावली असंल का वो?"

"लय रागावलीय," मी म्हणलं. "बिगीबिगी चला."